डमी अर्ज

ज्या बैठकीत मला सरपंचपदाला उभं करायचं ठरलं, त्या बैठकीत मी चपलांजवळ उभी होते.

बैठक देवळाच्या सभामंडपात होती. वर सतरंजी, सतरंजीवर गावातली मोठी माणसं, मधोमध भाऊसाहेब. पायऱ्यांखाली चपलांचा ढीग, आणि त्या ढिगाच्या बाजूला मी आणि शांताबाई. शांताबाई माझ्याच मोहल्ल्यातली, माझ्या आईच्या वयाची. तिचा सगळा जन्म भाऊसाहेबांच्या वावरात गेला. आम्हा दोघींना आदल्या दिवशी निरोप आला होता, की आंघोळ करून, बरं लुगडं नेसून या. आंघोळीचं मुद्दाम सांगितलं होतं.

दुपारची वेळ. फरशी तापलेली. आम्हाला कुणी वर या म्हटलं नाही, आम्हीही चढलो नाही. न सांगता कळाव्यात अशा पुष्कळ गोष्टी आमच्या गावात आहेत.

भाऊसाहेबांनी एकदा आमच्याकडं पाहिलं. मग शेजारी बसलेल्या पुतण्याला विचारलं, "दोघीतली कमी कोण बोलते?"

"शांताबाई," पुतण्या म्हणाला.

"मंग ते मेन. आन हे डमी."

मला त्यांनी बोटानंसुद्धा दाखवलं नाही. हनुवटीनं दाखवलं. माणसं हसली. शांताबाईपण हसली, कारण सगळे हसत होते. मग चहा आला. वर कपबशीतून, खाली आम्हाला कागदी कपातून. गावात कागदी कप मिळायला लागल्यापासून भेदभाव उरला नाही, असं भाऊसाहेब भाषणात सांगतात. मी चहा प्यायले, कप चुरगाळला आणि कुठं टाकावा ते कळेना म्हणून मुठीतच घेऊन घरी आले.

डमी म्हणजे काय ते सांगते. निवडणुकीचा अर्ज भरला की त्याची छाननी होते. काही चुकलं असेल, एखादा कागद कमी असेल, तर अर्ज बाद होतो. तसं झालं तर पंचाईत नको, म्हणून आपल्याच हातातल्या दुसऱ्या माणसाचाही अर्ज भरून ठेवतात. पहिल्याचा पास झाला की दुसऱ्यानं आपला मागे घ्यायचा. ट्रकच्या पोटाखाली स्टेपनी बांधलेली असते, तशी मी.

आमचं गाव कोराडी आणि खापरखेडा यांच्या मधल्या पट्ट्यातलं. दोन्हीकडच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या दारातून दिसतात. वरच्या अंगाला वावरं, बगीचे असलेली घरं. खालच्या अंगाला आम्ही. आम्ही बौद्ध. गावाच्या तोंडी आमचं जातीचं जुनंच नाव आहे, फक्त आता ते आमच्या माघारी घेतात. याला गाव सुधारणा म्हणतं.

वेशीवर कमान आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, बिनविरोध ग्राम. गावाला त्याचा भारी अभिमान. सदस्य कोण, सरपंच कोण, सगळं देवळात ठरायचं, तहसीलला फक्त कागद जायचा. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून आमदार-खासदारासाठी बोटाला शाई लागली, गावाच्या सरपंचासाठी कधी लागली नाही. ज्यांचं तोंड आम्ही कधी पाहणार नव्हतो त्यांना मत द्यायची मुभा होती. ज्याचं तोंड रोज सकाळी पाहायचं, त्याच्याबद्दल आम्हाला कुणी विचारत नव्हतं.

"ग्रामपंचायतीत पक्ष नसते," भाऊसाहेब सांगायचे. खरंच आहे ते. कायद्यानंच नसतो. मशीनवर कुठल्या पक्षाचं चिन्ह येत नाही. बादली, छत्री, शिलाई मशीन असली घरातली चिन्हं असतात. गावात पक्षांची भांडणं शिरू नयेत, माणूस पाहून मत द्यावं, म्हणून तो नियम. नियम चांगला आहे. पण मी एवढी वर्षं बघत आले, पक्षाची जागा रिकामी राहत नाही. तिथं एखादं घर येऊन बसतं. आमच्याकडं भाऊसाहेबांचं घर बसलं होतं. आधी त्यांचे वडील सरपंच, मग ते, मग वहिनीसाहेब, मग पुतण्या. या वेळी सोडत निघाली आणि सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईला गेलं. तेवढी एक वस्तू त्यांच्या घरात नव्हती. म्हणून आम्हाला आंघोळ करून बोलावलं.

भाऊसाहेबांचा वीजकेंद्राच्या राखेच्या विटांचा कारखाना आहे, आमच्या मोहल्ल्याला अगदी खेटून. त्यांचे राखेचे ट्रक आमच्या दारातून जातात, वर ताडपत्री न टाकता. ताडपत्री बांधण्यात वेळ जातो म्हणे. ती राख आमच्या पिठात, पाण्याच्या हंड्यात, वाळत घातलेल्या कपड्यांवर. माझी पोरगी हिवाळाभर खोकते. रात्री तिच्या छातीचा आवाज ऐकत पडून राहायचं, एवढाच माझा इलाज. त्या कारखान्याला आणि त्या रस्त्याला ग्रामपंचायतीची नाहरकत लागते. नाहरकतीवर सरपंचाची सही असते. भाऊसाहेबांना सरपंच नकोच होता, त्यांना ती सही पाहिजे होती.

आणि मी कामाला त्याच कारखान्यात. मशीनमधून निघालेल्या ओल्या विटा उचलायच्या, थप्पी लावायची, वर पाणी मारायचं. नवरा त्यांच्याच ट्रॅक्टरवर. आमच्या चुलीची दोन्ही लाकडं त्यांच्या वखारीतली होती. ते कधी ओढून घेतील याचा विचार करूनच आम्ही बोलायचो, आणि बहुतेक वेळा बोलायचोच नाही.

बैठकीनंतर मला कारखान्याच्या ऑफिसात बोलावलं. माझा जातीचा दाखला मागितला. गाव माझी जात कधी विसरलं नव्हतं, पण तिचा कागद पहिल्यांदाच मागत होतं. पुतण्यानं टेबलावर कागद मांडले.

"इथं कर. इथं कर. आन इथं."

शेवटचा कागद मी वाचायला घेतला. मी दहावी झालेली आहे. पुतण्यानं तो माझ्या हातातून ओढून परत टेबलावर ठेवला.

"वाचून काय करतं वं? तू त डमी हायस."

पण तेवढ्यात मी वाचलं होतं. तो अर्ज मागे घेण्याचा कागद होता. माझा अर्ज अजून भरलाही गेला नव्हता आणि मागे घेऊन झाला होता. मी सही केली. ट्रॅक्टर डोळ्यांपुढं होता, पोरीचं औषध डोळ्यांपुढं होतं. केली.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. कारखान्यात मुकादम हाक मारायचा, "डमी, पाणी मार." वरच्या मोहल्ल्यातले पोट्टे मोटरसायकलवरून जाता जाता ओरडायचे. गावच्या दुकानात दुकानदार विचारायचा, "काय वं डमी, काय पाहिजे?" त्यांच्या मनात फार वाईट काही नसेलही. गंमत होती. माझी पोरगी एक दिवस शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि विचारलं, "आई, तुहं नाव डमी हाय का? शाळेतले पोट्टे म्हणून राहिले."

मी पीठ मळत होते. मला इतका संताप आला की पिठात पाणी जास्तच पडलं. मी मळत राहिले. ती मग बाहेर खेळायला गेली.

छाननीच्या दिवशी आम्हा दोघींना तहसीलला नेलं. शांताबाई गाडीत मागच्या सीटवर. गाडीत जागा नाही म्हणून मी विटांच्या टेम्पोत. तहसीलच्या आवारात माणसांची गर्दी. सगळ्या गावांचे उमेदवार, त्यांच्यासोबत त्यांची माणसं, पानठेल्यावर चर्चा. आमचे दोन्ही अर्ज पास झाले. पुतण्या आणि त्याचे दोस्त नाश्ता करायला गेले. शांताबाई झाडाखाली बसली. मी फलकापाशी गेले.

फलकावर गावागावांची नावं लावली होती. आमच्या गावाखाली दोन नावं. एक शांताबाईचं, एक माझं. माझं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. दोन्ही सारख्याच अक्षरात. मी शोधत होते, आपल्या नावापुढं डमी कुठं लिहिलंय. वरून खाली पाहिलं, दुसऱ्या गावांचं पाहिलं. कुठंच नव्हतं. मला वाटलं, लिहायचं राहिलं असेल. आत जाऊन खिडकीतल्या कारकुनाला विचारलं.

"साहेब, आमच्या गावाच्या यादीत डमी कोणती हाय?"

त्यानं वर पाहिलं. "डमीगिमी काही नसते बाई. दोन अर्ज वैध आहेत. दोन उमेदवार."

"मंग मी?"

"तुम्ही उमेदवार."

एवढंच. तो परत कागद टाचायला लागला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नसणार, दिवसभर तो असल्याच प्रश्नांना उत्तरं देत असेल. मी मात्र बाहेर येऊन भिंतीला टेकले. आनंद वगैरे काही झाला नाही मला. राग आला. एवढे दिवस ज्या नावाची हाक ऐकून मी मान खाली घालत होते, ते नाव सरकारच्या दफ्तरात नव्हतंच. ते फक्त भाऊसाहेबांच्या हनुवटीत होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते कायद्यासारखं मानलं होतं. मी माझं मलाच तसं म्हणायला लागले होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. अर्ज मागे घेणार नाही म्हटलं.

"तुले येड लागलं का?" तो म्हणाला. "ट्रॅक्टर जाईन."

"जाईन."

"मंग खाऊ काय?"

"आता काय खाऊन राहिलो? राखच खाऊन राहिलो ना?"

त्यानं भिंतीकडं तोंड करून बिडी ओढली. मग म्हणाला, "तुले जे कराचं ते करजो. मले विचारू नको." त्यानं हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. त्या घरात, त्या दिवशी, ते पुष्कळ होतं.

शांताबाईकडंही गेले. तिच्याशी माझं वैर नव्हतं. तिला दुसऱ्याच्या तोंडून कळावं असं मला वाटत नव्हतं. ती अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"माय, मले कोठं सरपंच व्हाचं हाय?" ती म्हणाली. "पण मी नाही कसं म्हणू? पोराचं काम त्यायच्याकडं हाय. तुले जमते त तू कर."

मी तिच्याजवळ बसून थोड्या काड्या मोडल्या.

अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी भाऊसाहेब स्वतः आले होते. तहसीलबाहेर टेम्पोवर डीजे बांधून तयार. हारांची पिशवी, पेढ्यांची खोकी. तीन वाजले की वेळ संपणार, शांताबाई बिनविरोध, आणि गुलाल. गावानं आधीच सगळं उरकून ठेवलं होतं. फक्त माझी हजेरी लागायची होती. मी सही केलेला कागद पुतण्याच्या खिशात होता, पण तो मी समोर उभी असल्याशिवाय चालणार नव्हता.

टेबलामागं अधिकारी बाई होत्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. पुतण्यानं कागद पुढं केला. त्यांनी वाचला, माझ्याकडं पाहिलं.

"सही तुमचीच आहे? तुम्ही स्वतःच्या मर्जीनं अर्ज मागे घेताय ना?"

त्यांना रोजच विचारावं लागत असेल. त्या प्रश्नाला आतापर्यंत सगळ्यांनी हो म्हटलं असेल. मागं भाऊसाहेब उभे होते, त्यांच्या अत्तराचा वास येत होता.

"सही माही हाय," मी म्हटलं. "पण मी मागे घेत नाही."

"काय बोलून राहिली वं?" पुतण्या पुढं आला. "मॅडम, ते डमी हाय. तिले काही समजत नाही."

"त्यांना बोलू द्या," अधिकारी म्हणाल्या.

"मी उमेदवार हाय," मी म्हटलं.

आवाज मोठा नव्हता माझा. मला स्वतःलाच तो नीट ऐकू आला नाही. पण अधिकारी बाईंनी कागद माझ्याकडं सरकवला, आणि मी तो घडी करून पोलक्यात खोचला. मग चिन्हं वाटली. शांताबाईला छत्री आली, मला बादली.

बाहेर भाऊसाहेब ओरडले नाहीत. मोठी माणसं आमच्यावर ओरडत नाहीत, त्यासाठी त्यांनी माणसं ठेवलेली असतात. ते हळूच म्हणाले, "सोताच्याच पोटावर पाय देऊन राहिली तू. आन गावाचं नाव घालवलं." मग गाडीत बसले. पेढ्यांची खोकी उघडलीच नाहीत. टेम्पो मला न घेता निघून गेला, आणि मी रस्त्याला येऊन बसची वाट पाहत उभी राहिले.

दुसऱ्या सकाळी कारखान्याच्या फाटकावर मुकादमानं हात आडवा केला. संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या हातातून ट्रॅक्टरची चावीही गेली. त्यानं घरी येऊन मला काही म्हटलं नाही, याचाच मला जास्त त्रास झाला. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. गिरणीवाल्यानं माझं दळण घ्यायचं बंद केलं. गिरणी बिघडली म्हणाला, आणि माझ्यासमोर दुसऱ्या बाईच्या डब्यातला गहू गिरणीत ओतला. मी डोक्यावर डबा घेऊन कोराडीपर्यंत जायला लागले.

आणि मग आमचीच माणसं. विहारात बैठक घेतली. इथं मला चपलांजवळ उभं राहावं लागलं नाही, सतरंजीवर बसले. पण बोलणं तेच होतं. एक म्हातारा, नात्यानं माझा चुलत सासरा, म्हणाला, "तुह्यापायी समद्या मोहल्ल्याच्या पोटावर येईन, बाई. शांताबाई का परकी हाय? दोघी आपल्याच. मंग भांडण कायचं?"

त्यांची भीती खोटी नव्हती. अर्धा मोहल्ला त्याच कारखान्यात होता. तरी त्या दिवशी मला भाऊसाहेबांपेक्षा माझ्याच लोकांचा जास्त राग आला. मी विचारलं, "शांताबाई सरपंच झाली त राखेचा ट्रक बंद करन का?" शांताबाई तिथंच बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला.

प्रचार म्हणजे मी एकटीच. माझ्याजवळ पत्रकं नव्हती, गाडी नव्हती. घरातली बादली घेतली आणि निघाले. वरच्या मोहल्ल्यात मी लग्न झाल्यापासून जात आले होते, पण मागच्या दारानं. शेण काढायला, लग्नाची भांडी घासायला, बाळंतिणीचे कपडे धुवायला. पुढच्या दारात मी कधी उभी राहिले नव्हते. पहिल्याच घरी आतून बाईचा आवाज आला, "कोण हाय? मांगून ये."

"मत मागाले आली, ताई. मागच्या दारी कोणी मत मागते का?"

मग ती बाई उंबऱ्यात आली. माझ्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं. दार लावलं नाही तिनं. पुढं काही घरांनी लावलं. एका घरी कुत्रं सोडलं. एका घरी म्हाताऱ्यानं पाणी पाजलं, आणि मी ओंजळीनं नाही, गडव्यानं प्यायले. त्यानं तो गडवा नंतर राखेनं घासला असेल, तर ती राख तरी आमच्याकडचीच असेल.

मी एकच बोलायचे. ट्रकवर ताडपत्री पाहिजे, आणि ट्रक गावाच्या बाहेरून गेले पाहिजेत. वरच्या बायाही ऐकायच्या. वारा फिरला की राख त्यांच्या पापडांवरही बसते. राख जात पाहून बसत नाही, पण तिच्या सगळ्यात जवळ कुणाला राहायला लावायचं ते गाव पाहूनच ठरवतं.

काही दिवसांनी नवरा माझ्यामागं यायला लागला. बादली त्यानं घेतली. चार पावलं मागंच चालायचा, लाजायचा, कुणाच्या दारात बोलायचा नाही. पण होता.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर रांग लागली. गावातल्या म्हाताऱ्या बाया नवं लुगडं नेसून आल्या होत्या. गावासाठी त्यांनी कधी मत दिलं नव्हतं. भाऊसाहेबांची माणसं फाटकावर खुर्च्या टाकून बसली होती आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होती, म्हणजे आम्ही बघून राहिलो हे कळावं. मत देऊन बाहेर आलेल्या एका बाईला तिच्या नवऱ्यानं तिथंच विचारलं, "कोणाले देलं?" ती म्हणाली, "मशीनले माहीत." आणि चालायला लागली. वरच्या मोहल्ल्यातली होती ती. माझा तिचा कधी एक शब्द झालेला नाही.

मी हरले.

थोडक्यात हरले असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं नाही. चांगली हरले. एक गोष्ट मात्र मी मोजणीच्या टेबलाजवळ उभी राहून पाहिली. आमच्या सगळ्या मोहल्ल्याची मतं मला पडली असती, तरी तेवढी झाली नसती जेवढी मला पडली. आणि आमच्या मोहल्ल्यातली सगळी मला पडली नव्हती हे मला माहीत होतं. कुठून आली ती मतं, कुणाच्या घरातली, मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्यावर बालंट आलं असतं.

संध्याकाळी मिरवणूक आली. वेशीतून सरळ देवळाकडं जायचा रस्ता आहे, पण ती वळून आमच्या मोहल्ल्यात आली आणि माझ्या दारासमोर थांबली. डीजे लावलेला. पुढं पोट्टे नाचत होते. त्यांनी कुठून तरी प्लास्टिकची बादली आणली होती आणि ती लाथांनी उडवत होते. "डमी, डमी," असा ठेका धरला होता. कुणी तरी मूठभर गुलाल दारातून आत फेकला, तो चुलीवरच्या वरणात पडला. माझी पोरगी खोकत खोकत माझ्या कमरेला चिकटली. तिचे केस लाल झाले होते.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत शांताबाई उभी होती. गळ्यात हार, कपाळाला गुलाल. भाऊसाहेबांचा पुतण्या तिच्या बाजूला, तिचा हात धरून वर करत होता. ती माझ्याकडं पाहत नव्हती. ती खाली ट्रॉलीच्या फळीकडं पाहत होती. सरपंच झालेली बाई मी अशी पाहिली. त्या वेळी मला रडू आलं. हरल्याचं नव्हतं ते. मी दार लावलं नाही. सगळी मिरवणूक जाईपर्यंत दारात उभी राहिले, पोरीला पदराखाली घेऊन. मग वरण ओतून दिलं आणि तिला नुसती पोळी आणि मीठ दिलं.

आता मी शहराजवळच्या वाडीला एका गोदामात जाते. खोकी उचलायची, पट्टी मारायची. दोन बस बदलून जावं लागतं. नवरा खापरखेड्याला मिळेल ते काम करतो. पोट भरतं असं नाही, पण ज्यांच्या हातानं भरत होतं त्यांच्या हातानं भरत नाही.

शांताबाई सरपंच आहे. ऑफिसात पुतण्या बसतो आणि सही करायची असली की तिला वावरात बोलावणं जातं. राखेचे ट्रक तसेच जातात, ताडपत्रीशिवाय. माझी पोरगी तशीच खोकते. कुणाला या गोष्टीत शेवटी काही गोड पाहिजे असेल तर ते माझ्याकडं नाही.

मधे ग्रामसभा झाली. गावातले लोक ग्रामसभेला जात नव्हते, सह्या घरोघरी फिरवून घ्यायचे. या वेळी मी सुट्टी टाकून गेले. आमच्या काही बाया मागून आल्या, माझ्यापासून थोडं अंतर ठेवून बसल्या. मी उठून ट्रकच्या नाहरकतीबद्दल विचारलं. शांताबाईनं पुतण्याकडं पाहिलं. पुतण्यानं भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेब तिथं कुणीच नव्हते, सदस्य नाहीत, काही नाहीत. पण खुर्ची पहिल्या रांगेतली होती.

ते मागं वळले नाहीत. समोर बघतच बोलले, "हे एक बारी झालं. पुढच्या बारीले आरक्षण बदलन. सीट ओपन निघन. मंग पाहू इथं कोण बोलते त."

लोक हसले. हसण्यात सुटका होती. पाच वर्षं काढली की सगळं जागेवर येणार, असं ते हसणं होतं. आणि मला कळलं, की आरक्षण म्हणजे त्यांनी आम्हाला काही दिवस वापरायला दिलेली जागा, आणि ओपन म्हणजे त्यांची स्वतःची, असा हिशोब सगळ्या गावाच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. आमच्याही डोक्यात. आमच्या मोहल्ल्यातला एकही माणूस आजवर खुल्या जागेवर उभा राहिला नाही. कुणी मनाई केलेली नाही. कुठं लिहिलेलं नाही. आम्हीच कधी उभे राहिलो नाही.

"ओपन म्हणजे तुमची, असं कुठं लिहिलं हाय?" मी म्हटलं.

आता ते वळले.

"ओपन म्हणजे सगळ्यायची," मी म्हटलं. "पुढच्या बारी सीट ओपन निघू द्या. मी उभी राहीन."

कुणी हसलं नाही. माझ्या मागं बसलेल्या बायांमधून कुणी टाळीही वाजवली नाही. ग्रामसेवकानं पुढचा विषय घेतला. मी बसले नाही, सभा संपेपर्यंत तशीच उभी राहिले.

मला माहीत आहे काय होईल ते. गोदामातलं काम तोपर्यंत टिकेल का सांगता येत नाही. भाऊसाहेबांच्या घरातलंच कुणी समोर उभं राहील, आणि मी या वेळेपेक्षा वाईट हरेन. ज्यांनी मला या वेळी चोरून मत दिलं, तेसुद्धा खुल्या जागेवर देतील की नाही, शंका आहे. आमचेच लोक म्हणतील, ही आता डोक्यावर चढली. म्हणू द्या. सीट ओपन निघो की आमची निघो. माझ्या हातानं अर्ज भरीन, आणि तो मागे घेणार नाही.